१९५८ चा ‘द वायकिंग्ज’: लोकांची मतं इतकी टोकाची का, आणि ऐकायचं कुणाचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुमच्या वडिलांनी तरुणपणी ‘द वायकिंग्ज’ थेटरात बघितला होता, कर्क डग्लसवाला, आणि अजूनही कधी विषय निघाला की ते त्यावर बोलत सुटतात. मुलगा आठवीत आहे, त्याने २०१३ पासून आलेली ती वायकिंग सिरीज थोडीफार बघितलीय (किती बघितलीय ते तुम्हाला नक्की माहीत नाही, असं तुम्हीच लिहिलंय) आणि त्याला सध्या दुसरं काही सुचत नाही. तिघांनी मिळून रविवारी सिनेमा बघायचा असा बेत आहे, पण नेटवर मतं वाचायला गेलात तर एक जण म्हणतो असा सिनेमा परत झाला नाही, दुसरा म्हणतो हसून हसून पोट दुखलं, तिसरा म्हणतो इतिहासाचा खून केलाय, आणि चौथी बाई बायकांना कसं वागवलंय ते बघून अर्ध्यात उठली. आता यातलं खरं कुणाचं मानायचं, हा तुमचा प्रश्न.

मी एका छोट्या फिल्म क्लबसाठी जुने सिनेमे निवडते, ते दाखवल्यावर चर्चाही मीच घेते, बरीच वर्षं झाली याला. त्या अनुभवावरून सांगते, जुन्या साहसपटाबद्दलचं मत वाचताना ‘चांगला की वाईट’ हा भाग सगळ्यात कमी उपयोगाचा असतो. तो माणूस कुठला सीन घेऊन बोलतोय ते बघायचं. सीनच सांगत नसेल, नुसतं ‘मास्टरपीस’ नाहीतर ‘बकवास’ लिहून मोकळा झाला असेल, तर सरळ पुढे जायचं. सीन सांगितला असेल तर तो सिनेमाकडे काय मागायला गेला होता ते लगेच कळतं, आणि तुम्हाला तेच हवंय का नकोय ते तुमचं तुम्ही ठरवू शकता. त्या लोकांपैकी बहुतेक जण आपापल्या जागी बरोबरच आहेत, फक्त एकाच नावाखाली वेगवेगळा सिनेमा बघून आलेत.

हे वेगवेगळा सिनेमा बघणं या सिनेमाच्या बाबतीत अगदी शब्दशः खरं आहे. हा सिनेमा टेक्निरामा नावाच्या पद्धतीने शूट केलाय. त्यात ३५ मिलिमीटरची फिल्म कॅमेऱ्यातून उभी न जाता आडवी जायची, त्यामुळे प्रत्येक फ्रेमला नेहमीपेक्षा जवळपास दुप्पट जागा मिळायची, चित्र एकदम स्वच्छ, बारीकसारीक सगळं दिसणारं, आणि पडद्यावर रुंदी उंचीच्या सुमारे २.३५ पट. कॅमेऱ्यामागे जॅक कार्डिफ, म्हणजे रंगीत फिल्मवर प्रकाश कसा खेळवायचा हे त्या काळात ज्या मोजक्या लोकांना कळत होतं त्यातला एक. ‘ब्लॅक नार्सिसस’ साठी त्याला ऑस्कर मिळालं होतं, ज्यात हिमालय दाखवलाय पण शूटिंग जवळपास सगळं इंग्लंडमधल्या स्टुडिओत. इथे मात्र त्याच्या हातात खराखुरा नॉर्वे होता, हार्डांगर भागातले फ्योर्ड (डोंगरांमध्ये शिरलेल्या चिंचोळ्या खाड्या), वर बर्फाचे डोंगर, खाली काळंनिळं पाणी, आणि त्या पाण्यावर संग्रहालयातल्या जहाजांच्या धर्तीवर बांधलेली पूर्ण आकाराची लाकडी जहाजं. मग हाच सिनेमा पुढे जुन्या चौकोनी टीव्हीवर आला तेव्हा दोन्ही बाजू छाटून, निम्म्याच्या जवळपास चित्र गायब. लग्नाच्या ग्रुप फोटोतून दोन्ही टोकांची माणसं कापून टाकल्यावर जसं दिसेल तसं. जहाजाचं तोंड दिसतंय तर शेपूट नाही, दोघं भांडतायत तर त्यातला एकच दिसतोय. ज्यांनी तसा बघितला आणि ‘स्वस्तातला वाटतो’ असं लिहिलं त्यांना मी दोष देत नाही, पण त्यांचं मत त्या छाटलेल्या कॉपीबद्दल आहे. तुमच्या वडिलांनी मोठ्या पडद्यावर अख्खा बघितला. एवढ्या एका गोष्टीने अर्धं भांडण मिटतं.

आता गोष्ट थोडक्यात, म्हणजे पुढचं बोलणं कळेल. शेवट फुटणार आहे, चालत नसेल तर इथेच थांबा आणि सिनेमा बघून परत या. वायकिंगांचा म्होरक्या रॅगनार नॉर्थम्ब्रियावर, म्हणजे उत्तर इंग्लंडातल्या एका राज्यावर धाड घालतो, राजाला मारतो, राणीवर बलात्कार करतो. त्यातून झालेला मुलगा लपवून बाहेर पाठवतात, गळ्यात तलवारीच्या मुठीतला खडा बांधून, आणि नशिबाने तो पोरगा वायकिंगांच्याच हाती लागून गुलाम म्हणून वाढतो. हा एरिक, टोनी कर्टिस. रॅगनारचा औरस मुलगा आयनार, कर्क डग्लस. दोघं सावत्र भाऊ, दोघांना पत्ता नाही, आणि पहिल्या भेटीपासून एकमेकांच्या जिवावर उठलेले. मध्ये वेल्सची राजकन्या मॉर्गाना, जी दोघांना हवी. गळ्यातल्या खड्यावरून ओळख हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल तर साहजिक आहे, आपण हिंदी सिनेमातल्या लॉकेटवर वाढलेली माणसं. आमच्याकडे चर्चेत हा मुद्दा हमखास निघतो, आणि गंमत म्हणजे त्यामुळे आपल्या लोकांना हा सिनेमा परका वाटतच नाही. अमेरिकन प्रेक्षक जिथे ‘काय हा योगायोग’ म्हणून नाक मुरडतो तिथे आपला माणूस निवांत मांडी घालून बसतो.

सिरीज बघून आलेल्या मंडळींची तक्रार दुसरीच असते. त्यांना हा सिनेमा फार स्वच्छ वाटतो, रंग भडक, मारामारी नाटकी, आणि कर्क डग्लसला दाढी नाही! दाढीचा मुद्दा इतक्या वेळा निघतो की त्यावर जरा सविस्तर बोलते. आजूबाजूला सगळे दाढीवाले आणि एक हा गुळगुळीत, तर लोकांना वाटतं हॉलिवूडच्या हिरोला दाढी लावायची नव्हती. तसं असेलही, डग्लसच्याच कंपनीने सिनेमा काढला होता, बॉस तोच. पण सिनेमाने ते झाकलेलं नाही, उलट वापरलंय. आयनारला आपल्या रूपाचा गर्व आहे, त्याचा बापच त्याला त्यावरून टोमणा मारतो. आणि मग अगदी सुरुवातीलाच एरिक आपला ससाणा त्याच्या तोंडावर सोडतो आणि तो पक्षी त्याचा चेहरा फाडून एक डोळा घेऊन जातो. पुढचा सगळा सिनेमा डग्लस तो पांढरा पडलेला डोळा आणि फाटलेला गाल घेऊन वावरतो. देखणा चेहरा आधी नीट दिसला म्हणून तर तो गेल्याचं लागतं ना? दाढीच्या जंगलात हे काहीच कळलं नसतं. त्या काळचा एवढा मोठा स्टार, आणि त्याने आपलाच चेहरा सिनेमाच्या पहिल्या भागात मोडून घेतलाय, हे मला तरी फार धाडसाचं वाटतं.

बापाच्या भूमिकेत अर्नेस्ट बोर्गनाइन आहे. तो डग्लसपेक्षा वयाने लहान होता हे ट्रिव्हिया म्हणून सगळीकडे फिरतं आणि ते खरं आहे, डग्लसचा जन्म डिसेंबर १९१६ चा, बोर्गनाइनचा जानेवारी १९१७ चा. वाचून माणूस सिनेमा बघायला बसतो तेच हसायच्या तयारीने. पण पडद्यावर एकदा बोर्गनाइनचं ते गडगडाटी हसणं सुरू झालं की हे आठवत नाही, निदान मला तरी नाही. टोनी कर्टिसबद्दल मात्र टीका करणाऱ्यांशी मी बऱ्यापैकी सहमत आहे. गुलामगिरीत वाढलेला, आतून धुमसणारा माणूस त्याच्याकडून पूर्ण उभा राहत नाही, तो डग्लससमोर फिका पडतो, आणि त्यामुळे होतं असं की प्रेक्षक खलनायकाच्या बाजूला झुकतो. काही जण याला सिनेमाची चूक म्हणतात. मला वाटतं शेवट चालतो तोच यामुळे, पण त्यावर नंतर येते. मॉर्गाना झालेली जॅनेट ली तेव्हा खऱ्या आयुष्यात कर्टिसची बायको होती, तरी दोघांच्या प्रेमाच्या सीनमध्ये म्हणावी तशी ऊब नाही, काय करणार.

आता इतिहासवाले. यांची मतं सगळ्यात लांब असतात आणि वाचायला सगळ्यात मजेशीर, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली गोष्ट, कुठल्या इतिहासाबद्दल बोलतोय आपण? नॉर्थम्ब्रियाचा राजा एला (सिनेमात मारल्या गेलेल्या राजानंतर गादीवर येतो तो) खरा होता. ८६५ साली डेन लोकांचं मोठं सैन्य इंग्लंडात उतरलं, ८६६ मध्ये त्यांनी यॉर्क घेतलं, आणि ८६७ मध्ये यॉर्क परत मिळवायच्या लढाईत एला मेला, हे इंग्लंडच्या जुन्या बखरींमध्ये आहे. पण रॅगनार? ज्याला एलाने सापांच्या खड्ड्यात टाकलं आणि मग त्याच्या मुलांनी सूड घेतला, तो रॅगनार शेकडो वर्षांनी लिहिलेल्या सागांमधून, म्हणजे तिकडच्या जुन्या वीरकथांमधून येतो, आणि असा एक माणूस खरोखर होऊन गेला का, यावर अभ्यासक अजून भांडतात. म्हणजे जो मुळातच दंतकथेतला आहे त्याच्या बाबतीत ‘असं घडलंच नव्हतं’ म्हणून सिनेमाला धारेवर धरण्यात किती अर्थ आहे? सिनेमाने सापांच्या जागी लांडगे आणले, तर तुमचा मुलगा म्हणेल सिरीजमध्ये साप होते, ते बरोबर. त्याला सांगा सागेत सापच आहेत, शंभर मार्क. पण कॅमेऱ्यासमोर लांडग्यांचा आवाज जे काम करतो ते सापांनी झालं नसतं.

दुसरी गोष्ट, मला स्वतःला चुकांचे दोन ढीग करायची सवय आहे. एक ढीग नुसत्या सजावटीच्या चुकांचा. एलाचा किल्ला बघा, भलाथोरला दगडी किल्ला, बुरूज, उचलता येणारा पूल. नवव्या शतकातल्या नॉर्थम्ब्रियात असलं काही नव्हतं, मातीचे बांध, लाकडी कुंपण, नाहीतर यॉर्कसारख्या ठिकाणी रोमन लोकांच्या जुन्या भिंती. जो किल्ला दिसतो तो फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचा फोर्ट ला लाट, चौदाव्या शतकातला, म्हणजे गोष्टीच्या जवळपास पाचशे वर्षं नंतरचा. तसंच धुक्यात वाट दाखवणारा तो चुंबकी मासा. होकायंत्राचा युरोपातला लेखी उल्लेखच मुळी बाराव्या शतकाच्या शेवटी सापडतो. या चुका आहेत, कबूल. मात्र त्या टेकडीवरच्या बुरुजाशिवाय शेवटचं द्वंद्व झालंच नसतं, खाली समुद्र, वर वारा, आणि मध्ये दोन माणसं, तर मी तो किल्ला माफ करते. तुम्ही केला नाहीत तरी चालेल.

उलट काही गोष्टींत सिनेमा लोक समजतात त्यापेक्षा बराच सरळ आहे. मुख्य पात्रांच्या शिरस्त्राणांना शिंगं नाहीत! शिंगांची कल्पना एकोणिसाव्या शतकातली, विशेषतः जर्मन संगीतकार वाग्नरच्या १८७६ च्या ऑपेरातल्या पोशाखांमुळे सगळ्यांच्या डोक्यात बसलेली. नॉर्वेत ग्येरमुंडबू इथे १९४३ मध्ये वायकिंग काळाचं जे शिरस्त्राण सापडलं त्याला शिंगं नव्हती. १९५८ मध्ये हॉलिवूडच्या एखाद्या सिनेमाने एवढं पाळलं हे कमी नाही. आणि तो सुप्रसिद्ध सीन, आयनार जहाजाच्या बाहेर आलेल्या वल्ह्यांवरून एकेक पाऊल टाकत धावतो तो, त्याला लोक सर्कस म्हणतात. तर आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने तेराव्या शतकात राजांच्या ज्या सागा लिहिल्या त्यात नॉर्वेचा राजा ओलाफ ट्रिग्व्हासन माणसं वल्ही मारत असताना बाहेरच्या बाजूने वल्ह्यांवरून चालायचा असं लिहिलेलं आहे. म्हणजे ज्याला आपण हॉलिवूडची थाप समजतो तीच नेमकी सागेतली निघते. आणि डग्लस तिथे स्वतः धावलाय, डमी नाही, हे बघताना माहीत असलं की हात आपोआप खुर्चीला घट्ट धरले जातात. तुमच्या वडिलांना हाच सीन आठवत असणार, विचारून बघा. कॉम्प्युटरवर केलेलं पाणी आणि हे पाणी यातला फरक मुलालाही तिथे सांगावा लागणार नाही.

दुसरा ढीग असतो मुद्दाम रचलेल्या चुकांचा, आणि या सिनेमाचा कणाच तिथे आहे. हातात तलवार घेऊन मेलं तरच वायकिंगाला वल्हल्लात, म्हणजे त्यांच्या वीरांच्या स्वर्गात जागा मिळते, असं हा सिनेमा मानतो. जुन्या नॉर्स काव्यात लढाईत पडलेले वीर ओडिनकडे, म्हणजे त्यांच्या मुख्य देवाकडे जातात एवढं आहे, मरताना मुठीत तलवार पाहिजेच असा नियम तिथे नाही. पण बघा त्या एका नियमावर काय काय उभं केलंय. रॅगनार पकडला जातो, हात बांधलेले, समोर लांडग्यांचा खड्डा, आणि तो जीव मागत नाही, तलवार मागतो. एरिक त्याच्या दोऱ्या कापून तलवार देतो, त्याला माहीत नाही की हा आपला बाप. रॅगनार हसतो आणि स्वतःहून उडी घेतो, आणि खाली जे झालं ते सिनेमा दाखवत नाही, फक्त आवाज. तलवार दिल्याची शिक्षा म्हणून एला एरिकचा हात तोडतो. आणि अगदी शेवटी आयनार मरताना त्याच्या मुठीत तलवार यावी ही काळजी कोण घेतो, तर त्याला मारणारा भाऊच. तीन ठिकाणी तोच नियम, दर वेळी किंमत वाढत गेलेली. इतिहासाच्या परीक्षेत नापास, पण गोष्ट रचण्याच्या परीक्षेत याच्याइतकं घट्ट काम त्या काळातल्या साहसपटांमध्ये क्वचितच दिसतं. पेटत्या बाणांनी जहाज पेटवून अंत्यविधी करण्याचंही तेच. इब्न फदलान नावाच्या अरब प्रवाशाने ९२२ साली रशियातल्या व्होल्गा नदीकाठी जहाजासकट जाळलेला म्होरक्या बघितला होता, पण ते जहाज जमिनीवर होतं, आणि नॉर्वेत सापडलेली मोठी जहाजं तर मातीच्या ढिगाखाली पुरलेली आहेत. समुद्रात सोडून बाण मारणं हे सिनेमावाल्यांचं. नंतर इतक्या जणांनी ते उचललं की आज लोकांना वाटतं ही परंपराच होती.

इथेच ‘घिसापिटा’ म्हणणाऱ्यांनाही उत्तर मिळतं. ज्यांना यातलं सगळं आधी कुठेतरी बघितल्यासारखं वाटतं त्यांनी ते खरंच बघितलंय, फक्त नंतर आलेल्यांकडून. हा चालल्यावर इटलीत मारियो बाव्हाने १९६१ मध्ये याच वळणाचा एक काढला, खुद्द कार्डिफने १९६४ मध्ये वायकिंगांवरच दुसरा दिग्दर्शित केला, टीव्हीवर मालिका आली. नक्कल आधी बघितली की मूळ गोष्ट शिळी लागते, त्याला इलाज नाही.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर, छाटलेली प्रिंट बघून केलेली तक्रार सोडून द्या, दाढी आणि वयावरचे विनोद सोडून द्या, किल्ल्याची चूक खरी आहे पण तिने फार बिघडत नाही, आणि तलवारीचा नियम खोटा असला तरी तो काढला तर सिनेमाच उरत नाही. राहिली ती एक तक्रार, जी मी सोडून देणार नाही.

बायकांची. जी बाई अर्ध्यात उठली तिचं मत ‘तो काळच तसा होता’ म्हणून उडवून लावणारे खाली पन्नास जण असतात, आणि मला त्यांचा कंटाळा आलाय. सिनेमाची सुरुवात बलात्काराने होते. तो दाखवलेला नाही, पण स्पष्ट आहे, आणि गोष्टीसाठी तो लागतो हेही मान्य. पण पुढे आयनार मॉर्गानाच्या मागे लागतो तेव्हा तिने प्रतिकार करावा हीच त्याची मजा आहे, आणि कॅमेरा त्या मजेत थोडा सामील होतो, हे आज बघताना टोचतं, टोचायलाच पाहिजे. तसाच दारूच्या मैफलीतला तो सीन, बदफैलीचा आरोप असलेल्या बाईच्या वेण्या फळीला ठोकतात आणि नवरा लांबून कुऱ्हाडी फेकून त्या तोडतो, आजूबाजूला हशा. थरार म्हणून जबरदस्त बांधलाय आणि माणूस म्हणून बघवत नाही, दोन्ही एकदम. आणि याला इतिहासाचा आधारही देता येत नाही, कारण वायकिंग काळातलं सगळ्यात देखणं जहाज, नॉर्वेत ओसेबर्गला १९०४ मध्ये खणून काढलेलं, ८३४ च्या सुमाराचं, ते दोन बायकांच्या दफनाचं निघालं. इतक्या मानाने पुरल्या गेलेल्या बायका त्या समाजात होत्या. सिनेमात त्यातली वाटावी अशी एकच, किताला नावाची म्हातारी, जी ओडिनला हाक मारते आणि वारा फिरतो. बाकीच्या पुरुषांच्या भांडणाचा विषय.

म्हणजे बघू नका असं मी म्हणतेय का? नाही. पण आठवीतल्या मुलासोबत बघताना हे सीन आले की गप्प बसून पुढे ढकलू नका. आमच्याकडे कॉलेजची पोरं येतात, त्यांच्यासमोर मी कुऱ्हाडीच्या सीननंतर सरळ विचारते, आत्ता तुम्ही कुणाबरोबर हसलात? कुणीच पटकन बोलत नाही, मग हळूहळू चांगली चर्चा होते. घरी तुम्हाला कसं जमेल ते तुमच्या मुलावर आहे, काही मुलांना मध्येच थांबवलेलं अजिबात चालत नाही, मग जेवताना विषय काढा. रक्तपाताची काळजी मात्र फार करू नका, डोळा, हात, लांडगे सगळं आहे पण दाखवलंय कमी, सुचवलंय जास्त, आणि सिरीज थोडी जरी बघितली असेल तर त्याने याच्या कितीतरी पट बघितलेलं आहे. तो इतका कोवळा असेल की नुसत्या आवाजाने घाबरेल, तर वर्षभर थांबा, सिनेमा कुठे पळून जात नाही.

शेवटाकडे येते, कारण माझ्या मते हा सिनेमा बघण्याचं खरं कारण ते आहे आणि नेटवरच्या मतांमध्ये त्यावर सगळ्यात कमी लिहिलेलं असतं. बुरुजावरचं द्वंद्व. एकाला डोळा नाही, एकाला हात नाही, दोन्ही जखमा त्यांच्या त्यांच्याच करणीच्या. एरिकची तलवार मोडते, तो खाली पडलेला, आयनारने तलवार उगारलेली, एक घाव आणि संपलं. आयनारला थोड्याच वेळापूर्वी मॉर्गानाने सांगितलंय की तो तुझा भाऊ आहे, आणि त्याने ते उडवून लावलंय. आता वार करताना तो थांबतो. डग्लसच्या त्या एका चांगल्या डोळ्यात पहिल्यांदा काहीतरी हलतं, शंका, बापाची आठवण, काय म्हणायचं ते म्हणा, आणि तेवढ्या क्षणात एरिक मोडकी तलवार त्याच्या पोटात घालतो. म्हणजे सिनेमाभर ज्या माणसाने एक चांगली गोष्ट केली नाही तो मरतो ते एकमेव चांगल्या गोष्टीमुळे. आणि ज्याला आपण हिरो समजत होतो तो जिंकतो ते समोरचा थांबला म्हणून. म्हणून म्हटलं, प्रेक्षक खलनायकाच्या बाजूला झुकतो ही चूक नाही. कर्टिस डग्लसइतकाच भारी असता तर त्या क्षणी आपण टाळ्या वाजवल्या असत्या. आता आपल्या हातून काहीतरी निसटल्यासारखं वाटतं. दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशरने हे शब्दांत काही सांगितलेलं नाही, नुसता हात थांबलेला दाखवलाय, आणि साहसपटात एवढा संयम मी फार कमी ठिकाणी बघितलाय.

तर तुमचा रविवार. वडिलांना नक्की दाखवा, पण इतक्या वर्षांनी बघताना त्यांच्या आठवणीतला सिनेमा आणि समोरचा सिनेमा जुळेलच असं नाही, काही जुने प्रेक्षक पहिल्या अर्ध्या तासात नाराज होतात आणि मग सावरतात, त्यांना वेळ द्या. मुलाला आधीच सांगा की ही सिरीजची गोष्ट नाही, नावं तीच आहेत पण रॅगनार, एला सगळे वेगळे, नाहीतर तो दर दहा मिनिटांनी थांबवून दुरुस्त्या करत बसेल (करेलच तरी). कॉपी निवडताना एकच बघा, टीव्हीवर वर-खाली काळी पट्टी आली पाहिजे, पडदा पूर्ण भरला तर समजा छाटलेली आहे. इंग्रजीतच लावा, सबटायटल टाकून, कारण सुरुवातीला जो धीरगंभीर आवाज गोष्ट सांगतो तो ऑर्सन वेल्सचा आहे आणि डबिंगमध्ये तो हातचा जातो. त्याच वेळी पडद्यावर हलणारी चित्रं दिसतात ती फ्रान्समधल्या बायो गावच्या अकराव्या शतकातल्या प्रसिद्ध भरतकामाच्या धाटणीवर केलेली आहेत, त्यामुळे चहा आधीच करून घ्या, सुरुवात चुकवू नका.

आवाज जरा मोठा ठेवा. मारियो नाशिंबेनेच्या संगीतात जहाजं गावाकडे परतताना कड्यावरून फुंकलेली ती लांब शिंगं आहेत, मोजके सूर, बस. आमच्याकडे सिनेमा विसरलेले लोकसुद्धा ते सूर गुणगुणून दाखवतात. सिनेमा दोन तासांच्या आतच आहे, जेवणाआधी संपेल. बघून झाला की तिघांची मतं इथे टाका, आणि प्रत्येकाने कुठला सीन सांगितला ते लिहायला विसरू नका.